पाण्याखाली आलेला धुराचा वास

या सदरातले अनुभव मी वाचते ते गोष्ट नेमकी कुठे फाटते हे बघायला. स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पनवेलमध्ये आमचा लहानसा गट आहे. करणी, अंगात येणं, गंडेदोरे यांच्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, बाजारात उभं राहून वाटतो, शिव्याही खातो. निम्मी पत्रकं माझ्या हातची आहेत. तेव्हा खालचं वाचून कुणी नारळ फोडायला धावू नये. मी अजूनही त्याच बाजूला उभी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि रुबीना अंदमानला गेलो. रुबीना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, पनवेलच्या मोहल्ल्यात राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते. मी रोडपालीची. तिला एकच गोष्ट बघायची होती — समुद्रात चरणारं कासव. 'चित्र काढून काढून कंटाळले गं, एकदा खरं बघू दे.' बेटाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याविरुद्ध पुढे तक्रार केली ती माणसं अजून तिथेच धंदा करतायत. दोन दिवस आम्ही किनाऱ्याच्या जंगलात पक्षी बघत भटकलो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मासा घेऊन डोक्यावरून गेला तेव्हा रुबीना तो दिसेनासा होईपर्यंत मान वर करून त्याच्यामागे चालत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कुबा.

स्कुबा न केलेल्यांसाठी सांगते. डोळे आणि नाक झाकणारा मास्क घट्ट बसवतात. नाक पूर्ण बंद. श्वास फक्त तोंडाने, पाठीवरच्या सिलेंडरमधून नळीवाटे येणाऱ्या हवेचा. नवशिक्या माणसाच्या मागे एक शिक्षक सिलेंडर धरून पोहतो. माझ्यामागे सायमन होता, रुबीनाच्या मागे त्याचा सहकारी. बोलता येत नाही, सगळं हातांच्या खुणांनी.

खाली गेलो. कासव खरंच होतं... हिरवट पाठीचं, समुद्रगवतात तोंड घालून शांतपणे चरत होतं, एखादी म्हातारी गाय चरावी तसं. मी पुढे होते, रुबीना माझ्या पाठीमागे. मास्कमुळे बाजूचंसुद्धा धड दिसत नाही, मागचं तर सोडाच. हे लक्षात ठेवा.

आणि मला वास आला.

वीटभट्टीचा. ओलं तूस आणि कोळसा धुमसतो तेव्हा येतो तो, घशाला चिकटणारा. आपटा गावाच्या बाजूला भट्टीवर राबणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या मजुरीसाठी आम्ही दोन हंगाम भांडलो आहोत, त्यामुळे तो वास मी झोपेतही ओळखेन. तिथे एकदा भट्टीला टेकून बांधलेल्या झोपडीत एक बाई बेशुद्ध सापडली होती. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं, धूर दिसला नाही तरी त्यातला विषारी वायू माणसाला गुपचूप आडवा करतो.

पण इथे? डोक्यावर तीन माणसांच्या उंचीचं पाणी, नाकावर रबर. मी स्वतःलाच म्हटलं, भास आहे, गप्प रहा. वास वाढला. मला चक्कर नव्हती, श्वास नीट होता. तरी मनात एकच आलं — रुबीना. मी वळले. तिने बोटांचा गोल करून 'ठीक' अशी खूण केली आणि माझ्यामागच्या कासवाकडे बोट दाखवलं. मी सायमनला 'गडबड आहे' अशी खूण केली. त्याने माझं हवेचं मीटर तपासलं, तिचं तपासलं आणि मान हलवली, सगळं ठीक. मी ऐकलं नाही. रुबीनाचं मनगट पकडलं आणि अंगठा वर केला. वर चला. परत वर. परत वर.

होडीत चढल्याबरोबर तिने तोंडातली नळी काढून फेकली. 'पागल झालीस का गं? कासव समोर होतं माझ्या! घाबरलीस तर तू यायचंस वर, मला कशाला ओढलंस?'

'मला धुराचा वास आला.'

'पाण्यात? धुराचा?' ती सायमनकडे वळली. 'भैया, ये हमारे पनवेल की सबसे बडी सायंटिस्ट है.'

सायमन हसला. रुबीनाही हसत होती... आणि हसता हसता वाकली, ओकली, आणि कोसळली.

सायमनने तिला होडीतल्या बाटलीतला ऑक्सिजन लावला. मग तिच्या सिलेंडरचा व्हॉल्व जरासा उघडून नाक जवळ नेलं. त्याचा चेहरा उतरला. 'धुआँ है इसमें,' एवढंच म्हणाला आणि सहकाऱ्याला होडी वळवायला सांगितली.

दवाखान्यात रक्त तपासलं. कार्बन मोनॉक्साइड. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ खाली राहिली असती तर वर मृतदेहच आला असता. त्या सकाळी दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी त्याच्याच इंजिनाच्या धुराच्या तोंडाशी पडली होती. तेव्हा भरलेल्यांपैकी एकच सिलेंडर होडीत आला होता, रुबीनाचा. माझा आदल्या दिवशी भरलेला. तोही तपासला. स्वच्छ.

आता सांगा.

रुबीनाची अम्मी म्हणते, अल्लाहनं वाचवलं. माझी आई म्हणते, एकवीरा पावली. दोघी श्रेय वाटून घ्यायला तयार नाहीत आणि मी दोघींवर चिडते. आमच्या गटातला मंदार म्हणाला, 'वैशाली, तुझ्या मेंदूने तिचं काहीतरी बिनसलेलं टिपलं असणार आणि ते वासाच्या रूपात दाखवलं.' छान. पण वास आला तेव्हा ती मला दिसतच नव्हती. आणि तिच्या सिलेंडरमध्ये पेट्रोल इंजिनाचा धूर होता, तुसाचा नव्हता. 'मग हे कुठे लिहू नकोस,' तो म्हणाला. 'बुवा लोक फ्रेम करून लावतील.'

लपवायला मी शिकलेली नाही. त्याआधी बेटावरच, तिथल्या पर्यटन कार्यालयात तक्रार दिली होती, त्यातही वासाचं लिहिलं होतं. दुकानाचा मालक समोरच बसला होता. 'पानी के नीचे नाक बंद रहती है, साहब. मॅडम कहानी सुना रही हैं.' चीड याची येते की, नाकाबद्दल तो बरोबर होता. साहेब मला म्हणाले, वासाचं वाक्य काढा, केस मजबूत होईल. मी नाही म्हटलं. बाहेर रुबीना भडकली.

'तुझ्या एका वाक्यासाठी उद्या दुसरं कुणी मरेल तिथे. चालेल तुला?'

'मग काय खोटं लिहू?'

'तू तुझं खरं लिही. मी माझं लिहिते. मी पडले, रक्तात जहर निघालं. खतम.'

तिच्या अर्जावर कॉम्प्रेसर सील झाला. नळी लांब नेल्याशिवाय आणि हवा तपासल्याशिवाय दुकान उघडू दिलं नाही. जे व्हायला हवं होतं ते तिच्यामुळे झालं.

माझ्या अर्जावर उत्तर आलं, 'तथ्य आढळत नाही.' तपास माझ्याकडे असता तर मीही हेच लिहिलं असतं.

पण वास आला होता.