मिरोफोराच्या अंगातलं लोखंड

माझी थोरली बहीण मिरोफोरा थॅलसेमिया घेऊनच जन्मली. तिचं स्वतःचं रक्त तिला पुरायचं नाही. दर तीन आठवड्यांनी बाबा तिला आमच्या लाची बंदरातून बसने आमच्या बेटाच्या राजधानीत, निकोसियाच्या इस्पितळात नेत आणि दुसऱ्याचं रक्त चढवून आणत. त्या रक्ताने ती जगली, पण त्यातलंच लोखंड तिच्या यकृतात, हृदयात साचत गेलं. ते बाहेर टाकायला शरीराला वाटच नसते. चौदाव्या वर्षी ती दहा वर्षांच्या माझ्याहून बुटकी होती, चेहरा राखाडी. पंधरावं काही तिला लागत नाही, असं बायका बोलत, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने.

१९७९ च्या एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी नवं औषध दिलं. बाबा मासेमारी करणारे, म्हणून त्यांना समजावून सांगितलं की या ‘कीलेशन’ उपचाराचं नाव आपल्याच ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून पडलंय. औषध लोखंडाला तसंच पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. बाबांनी एवढंच विचारलं की वाटेत सोडत तर नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला.

पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, कमरेला पंप, आणि औषध दहा तास थेंब थेंब आत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई न्हाणीघरातून ओरडली. आई धावली. ताईच्या हातातल्या भांड्यात लालसर तपकिरी लघवी होती. आईने छातीवर क्रूस काढला. ताई मात्र हसत होती.

"रक्त नाही गं आई, लोखंड आहे! डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, लाल झाली की समज, निघायला लागलं."

दिवसभराची लघवी, त्यातलं लोखंड मोजायला, इस्पितळात न्यायची होती. आईने ऑलिव्हची मोठी काचेची बरणी उकळून दिली. दुसऱ्या दिवशी बाबा ती मांडीवर घेऊन ताईसोबत बसमध्ये बसले. शेजारी गावातल्या पेझूनाआजी होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"हाम्बी, यंदा वाइन लवकर उतरली रे. घोटभर चाखू दे की."

"आजी, माझ्या लेकीच्या अंगातलं लोखंड आहे ते," बाबा म्हणाले.

मग मागून कोणीतरी बघायला मागितली, आणि बरणी हातोहात फिरली. प्रत्येकाने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरही उठून पाहून गेला. ताई लाजेने लाल झाली होती, पण कोणी परत द्यायला लागलं की स्वतःच म्हणायची, अजून बघा ना.

आठवड्याने आकडा आला. चढवलेल्या रक्तातून जेवढं लोखंड येत होतं, त्याहून जास्त बाहेर पडत होतं. बाबांनी तो कागद होडीत नेऊन सगळ्या कोळ्यांना वाचून दाखवला.

पुढचं सोपं नव्हतं. पोटावर गाठी यायच्या. सतराव्या वर्षी वैतागून तिने दोन महिने पंप अंगणातल्या पावाच्या भट्टीमागे लपवून ठेवला आणि एके दिवशी धक्क्यावर छाती धडधडून कोसळली. त्यानंतर सुई कधी चुकवली नाही. शिवणकाम शिकली. लोंबकळणाऱ्या पंपासाठी तिने कापडी पिशवी शिवली, ती बघून इस्पितळात रक्त चढवायच्या वॉर्डातल्या पोरांनी मागण्या सुरू केल्या. कोणाला चेंडूचं चित्र हवं, कोणाला झालर. लग्नाच्या झग्यालाही तिने आतून खिसा लावला. नवरा तोफीस नाचताना विचारत होता, टोचत नाही ना. ती म्हणाली, "टोचतंय, पण तू थांबू नकोस."

आता सुईऐवजी गोळ्या निघाल्यात. ती साठीला टेकली आहे. गेल्या महिन्यात हृदयात किती लोखंड साचलंय ते पाहायला स्कॅन झालं आणि इस्पितळाच्या पायरीवरूनच तिचा मला फोन आला.

"हृदयात काही नाही गं," ती म्हणाली. "कणभरही नाही. मी पायी जातेय बाजारात, बस नको मला."