अण्णांचं अर्धं ताट

दर सोमवारी दुकान उघडलं की अण्णा ज्वारीची पोती तोलायच्या काट्यावर स्वतः उभे राहायचे. चपला बाजूला काढलेल्या, टोपी हमालाच्या हातात, कपाळावर ताजी विभूती आणि छाती पुढं. काटा स्थिर होईपर्यंत रस्त्यावरच्यांनीही हलू नये, असा त्यांचा चेहरा असे. मग हमाल आकडा मोठ्यानं सांगायचा आणि समोरचा शिंपी, शेजारचा न्हावी, शाळेला निघालेल्या आम्ही पोरी, सगळ्यांना तो कळायचा. आपलं वजन असं भर पेठेत जाहीर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं घर त्यांच्या दुकानाला लागून, त्यामुळं अण्णांचा सगळा इतिहास घरचाच वाटायचा. तरुणपणी ते तालमीत होते. वडील अचानक गेले, धान्याचं दुकान अंगावर पडलं आणि कुस्ती सुटली ती कायमची. खुराक मात्र सुटला नाही. कोल्हापुरात हे काही नवलाचं नाही. आखाड्यात न उतरता पैलवानासारखं जेवणारी माणसं आमच्या पेठेत गल्लोगल्ली होती आणि सगळ्यांची पोटं त्याची साक्ष द्यायची. अण्णांचं पोट त्यात उठून दिसायचं.

त्यांना जेवू घालणाऱ्या त्यांच्या पत्नी, अव्वा, गडहिंग्लजकडच्या. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायच्या आणि समोरच्याला कळलं नाही हे ध्यानात आलं की स्वतःच हसायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं त्यांच्या हाती एक भलंमोठं पितळी पातेलं दिलं आणि पैलवानाच्या घरातलं भांडं कधी लहान होऊ द्यायचं नाही, असं बजावलं. अव्वांनी ते मनावर घेतलं. अण्णांचं ताट त्या शिगोशीग वाढायच्या, ते जेवून उठेपर्यंत दाराशी उभ्या राहायच्या आणि मग त्याच ताटात स्वतः जेवायला बसायच्या. नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत त्यांच्या माहेरी होती, सासरीही होती. त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी दुकानाच्या पायरीवर अण्णांच्या छातीत कळ आली. वाचले. डॉक्टरांनी सांगितलं की वजन उतरवा, पण घाई करू नका, सवयी बदला आणि बदललेल्या टिकवा. पेठेतल्या इतर कुणाला असं सांगितलं असतं तर त्यानं आठ दिवस काकडी खाऊन नवव्या दिवशी कोंबडं कापलं असतं. अण्णांना मात्र ते पटलं, कारण ते त्यांच्या वस्तादाच्या बोलण्यासारखं होतं. "एक डाव अंगात मुरल्याबिगर दुसरा शिकायचा न्हाय," असं ते येईल त्याला सांगू लागले. पुढं पेठेत हे वाक्य इतकं पसरलं की माझी आई शेजारणीला विणकाम शिकवतानाही तेच म्हणायची.

पहिला डाव चालण्याचा. पहाटे उठून रंकाळा तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. महिना झाला तरी सोमवारचा आकडा खाली येईना, उलट थोडा वरच सरकला. चौकशीअंती कळलं की येताना वाटेत दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असत आणि अण्णा तिथं धारोष्ण दुधाचा मोठा पेला रिचवून, इतकं चाललो म्हणून आणखी एक घेत. हमालांनी त्यांची भरपूर चेष्टा केली. अण्णा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या गल्लीनं घरी येऊ लागले. म्हणाले, तोंड आवरत नसलं तर वाट बदलायची, म्हशीशी भांडण कशाला.

दुसरा डाव ताटाचा. अव्वा नेहमीसारखं वाढणार, अण्णा त्यातलं बरोबर अर्धं खाणार आणि उठणार. कमी वाढायला सांगून त्यांनी पाहिलं होतं. पण अर्धं रिकामं ताट नवऱ्यापुढं सरकवताना अव्वांचे डोळे भरून आले, तेव्हा अण्णांनी तो नाद सोडला. शिवाय भरल्या ताटावरून उठण्यातच त्यांना मर्दुमकी वाटत होती. एकदा मी त्यांच्याकडं गेले असताना पुरणपोळी होती. अण्णांनी पोळी मधोमध मोडली, अर्धी खाल्ली आणि उरलेल्या अर्धीकडं जिंकलेल्या पैलवानानं पडलेल्याकडं बघावं तसं बघत हात धुतले. मला म्हणाले, "बघितलंस पोरी? तूप वरनं सुटलंय, तरी हात गेला न्हाय."

ते खरोखर उतरले. दोनेक वर्षांत सदरे ढगळ झाले, गालाची हाडं दिसू लागली, जिना चढताना लागणारी धाप गेली. आणि पुढंही ते तसेच राहिले, हे विशेष. लोक सल्ला विचारायला दुकानात येत. माझे वडीलही त्यांच्याबरोबर चालू लागले आणि म्हातारपणापर्यंत चालले. त्यांना काठीशिवाय फिरताना पाहिलं की मला अण्णांची आठवण यायची. कुणाचं जेवण काय, कुणी रात्रीचा भात सोडला, कुणाचा चहा अजून सुटत नाही, हे अण्णांना तोंडपाठ असे.

या सगळ्या कौतुकात अव्वा स्वयंपाकघरात होत्या. अण्णा उठले की त्या ताटावर बसायच्या. पूर्वी त्या ताटात फार काही उरत नसे, आता अर्धं जेवण उरायचं. उष्टं म्हणून ते दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं आणि टाकवत तर मुळीच नव्हतं. त्यात त्यांचं स्वतःचं वाढून घेतलेलं होतंच. माझी आई एकदा त्यांना म्हणाली की अव्वा, जरा कमी खा, तर त्या म्हणाल्या, "वाया जातंय की." तेवढंच. त्या अंगानं सुटत गेल्या आणि बायका म्हणत राहिल्या की अव्वा सुखात आहे, नवरा बरा झाला म्हणून अंगाला लागलंय. मला आजही त्या बोलण्याचा संताप येतो.

अव्वांना माडीवर जाणं जमेनासं झालं. मग देवळात जाणं थांबलं. तहान फार लागते म्हणून त्या तांब्या उशाशी ठेवायच्या. माझं तोवर पेठ वडगावला लग्न झालं होतं. माहेरपणाला आले की अव्वा दर वेळी थोड्या अधिक जड आणि थोड्या अधिक गप्प वाटायच्या. पायाच्या बोटाला काहीतरी लागलं ते भरेना, तेव्हा कुठं त्यांना दवाखान्यात नेलं. साखर किती वर्षांपासून होती, हे सांगायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून मी आणि आई बरोबर गेलो. डॉक्टरांनी अण्णांना विचारलं की यांचं रोजचं जेवण काय असतं. सगळ्या पेठेचं जेवण अण्णांना तोंडपाठ होतं. त्यांनी अव्वांकडं पाहिलं. त्या खाली मान घालून पदराशी चाळा करत होत्या.

"मला ठाव न्हाय," अण्णा म्हणाले. "ती जेवताना मी कधी बघितलीच न्हाय."

आई तशी तोंडाची फटकळ, पण त्या वेळी तिचा आवाज अगदी खाली होता. ती म्हणाली, "अण्णा, तुमी ताटात सोडायचासा, ते सगळं त्या खायच्या."

अव्वा घाईघाईनं डॉक्टरांना सांगू लागल्या की तसं काही नाही, माझं हाडच जड आहे. बरं झालेल्या नवऱ्याला त्यांना पुन्हा आजारी पाडायचं नव्हतं, एवढंच मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पितळी पातेलं माळ्यावर टाकलं आणि बाजारातून एक लहान पातेलं आणलं. दोन ताटं शेजारी शेजारी मांडायची, आधी अव्वांना वाढायचं, दोघांनी बरोबर जेवायचं, असा नवा नेम त्यांनी सुरू केला. त्यांचा मुलगा आणि सून पाहतच राहिले. अव्वा लाजून चूर व्हायच्या. घास हातात घेऊन बसायच्या आणि अण्णांचं होईपर्यंत तोंडात घालायच्या नाहीत. अण्णा चिडायचे, मग समजूत घालायचे, मग स्वतः घास करून द्यायचे. "तुमचं झाल्याबिगर गिळत न्हाय ओ," असं त्या अगदी अजिजीनं म्हणायच्या. अण्णा आईजवळ एकदाच बोलले. म्हणाले, डाव बरोबर हाय वहिनी, पण मुरायला वेळ उरला न्हाय. तसंच झालं. बोट गेलं, मग पाऊल गेलं आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी अव्वा गेल्या. त्या एकदाही काट्यावर चढल्या नव्हत्या.

सोमवारचं वजन त्यानंतर बंद झालं. काटा पोत्यांपुरता राहिला. सल्ला विचारायला कुणी आलं तर अण्णा आधी घरातली बाई कधी जेवते, काय जेवते, ते विचारायचे आणि उत्तर देता आलं नाही तर त्याला घरी पाठवून द्यायचे. काही लोक त्यावर नाराज झाले. माझ्या सासरी मी सगळ्यांची ताटं एकदम मांडते. सासूबाईंना सुरुवातीला ते रुचलं नाही, आता त्याच हाका मारून सगळ्यांना बसवतात.

पुढं काही वर्षांनी दिवाळीत मी अण्णांना भेटायला गेले. फार थकले होते. सून समजूतदार, तिनं ताटात मोजकंच वाढलं होतं, अर्धी भाकरी, भाजी, ताक, आणि शेजारी बसून ती स्वतः जेवत होती. अण्णा हळूहळू जेवले आणि त्या अर्ध्यातलंही अर्धं ठेवून थांबले. सून म्हणाली, मामंजी, एवढं तुमचंच आहे, कुणासाठी ठेवायचं नाही. अण्णा भाकरीच्या तुकड्याकडं बघत राहिले आणि मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली.

"मला कळतंय गं," ते म्हणाले. "पर हात थांबतोय. मुरलाय तो डाव, आता सुटत न्हाय."

सुनेनं आणखी आग्रह केला नाही. तिनं ताट उचललं आणि तेवढं गाईला घालून आली.