उंबरठ्यावरचा श्वास

भाविक देवळाच्या उंबरठ्यावर माथा टेकवतो, तसे त्या घरातले नऊ जण रोज संध्याकाळी उंबरठ्याशी थांबत आणि वच्छलाबाईंसमोर श्वास सोडत. दारू सोडायला निघालेल्या माणसांचं हे गारखेड्यातलं घर. दिवसा कामाला जावं, ठरल्या वारी औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे उपचाराला जावं आणि मुक्कामाला इथंच परतावं, असा तिथला नेम. वच्छलाबाई स्वयंपाक करीत, सकाळी प्रत्येकाच्या तळहातावर दारू सुटायची गोळी ठेवीत आणि सहाला दारात बसत. पिऊन येणाऱ्याची वळकटी त्याच संध्याकाळी बाहेर, हा नियम. निवाडा बाईंच्या नाकाचा.

"सूंघ लेव और छोड देव बाई, भूक लगी," असं रिक्षावाला इलियास रोज म्हणे. बाईंचं नाक म्हणजे पोलिसांच्या यंत्राची सासू, अशी त्याची थट्टा. बाई हसत. पण ते नाक घडलं होतं एकवीस वर्षं पिऊन येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहण्यात. फाटक वाजलं की त्या दाराशी जात, "शपथ, घेतली नाही" ऐकलं की आधी त्याचा श्वास हुंगत. नवरा गेला, भीती मात्र घर करून राहिली.

त्या सोमवारी कारभारी उशिरा आला. शेंद्रा गावचा पोरगा, कारखान्यात कामाला, चार महिने थेंबाला न शिवलेला. याआधी दोनदा गावी राहून दारू सोडायला गेला आणि दुसऱ्या खेपेला मरणाच्या दारातून परतला. हे घर सुटलं तर तिसरी खेप नव्हती, हे बाई जाणून होत्या.

त्यानं श्वास सोडला आणि बाईंनी चौकट घट्ट धरली. आंबूस, गोडसर, ओळखीचा वास. विठ्ठला, आज माझं नाक खोटं ठरव, असा धावा त्यांनी मनोमन केला. प्यालाय म्हणावं तर लेकरू रस्त्यावर. नाही म्हणावं तर उरलेल्या आठ जणांचा विश्वास रस्त्यावर.

"मायची आण बाई, नाय घेतली," कारभारी म्हणाला.

तेच शब्द. एकवीस वर्षं ऐकलेले. निवाडा ओठांवर आला, तोच त्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. मान लाल, कान लाल, डोळ्यांत रक्त उतरलेलं. छाती धरून तो उंबरठ्यावरच बसला आणि ओकला. बाईंच्या अंगावर काटा आला. सकाळची गोळी पोटात असताना दारू गेली तर असंच होतं, प्रसंगी जीवही जातो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ती गोळी सकाळी, घे बाळा म्हणत, त्यांनीच दिली होती.

वळकटीचं नाव न काढता त्यांनी इलियासला रिक्षा काढायला सांगितली.

वाटेत त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी काय प्यालास ते विचारलं. आज उपचाराचा वार, औरंगपुऱ्याच्या दवाखान्यात भेटायला आलेल्या आईनं, साळूबाईनं, अशक्तपणावर औषध दिलं होतं; निघताना दोन झाकणं घेतली, एवढंच तो बोलू शकला. पिशवीत बाटली निघाली. द्राक्षासव! बाळंतिणीला द्यावं, आजाऱ्याला द्यावं. त्याला दारू कोण म्हणतं? बाईंनी स्वतःच्या लेकीलाही दिलं होतं. त्यांनी बूच काढून हुंगलं. तोच वास. मनुका आंबवून केलेलं, म्हणून दारूचा अंश असलेलं ते औषध आणि सकाळची गोळी, दोन मायांच्या हातची माया त्या एका पोटात लढत होती.

दोन तास डॉक्टर त्याच्या उशाशी होते. नाडी ठिकाणावर आली, तेव्हा त्यांनी सांगितलं, की हे न कळता घडलं. मुलानं नेम मोडलेला नाही, त्याची जागा जाणार नाही. देवानं नाकही खरं ठेवलं आणि लेकरूही खरं ठेवलं.

निरोप मिळून धावत आलेली साळूबाई दाराशीच थिजली.

"म्या माझ्याच हातानं इख घातलं व्हय बाई?"

वच्छलाबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तुमच्या एकटीच्या नाय. माझ्या बी."

तिसऱ्या दिवशी सहाला कारभारी सगळ्यांत आधी उंबरठ्याशी आला. बाईंनी चौकट धरली. त्यानं श्वास सोडला. भाकरी, कांदा, कारखान्यातला चहा.

"आत चल, पान वाढलंय," त्या म्हणाल्या.

तो आत गेला. बाईंनी मात्र चौकट सोडली नाही. अजून आठ जण यायचे होते.