एकीच्या दोन होईपर्यंत

तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. सासूनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला "अगं भिंगरी, जरा टेक की!" असं म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता नवरा म्हणतो भिंगरी, शेजारी म्हणतात भिंगरी, आणि ती स्वतःही फोन उचलून "हां, भिंगरी बोलतेय" म्हणते. दुधाला उकळी यायच्या आत चारदा पातेल्यात डोकावणारी बाई. जेवताना मध्येच उठून कडी लावली का ते बघून येणार. बसलं की आपल्या पाठीमागे काहीतरी बिघडतंय असं तिला वाटतं, आणि हे तिनं कुणापासून लपवलेलं नाही.

आता अशा बाईला देवानं नोकरी काय दिली? तर वाट बघायची! इस्पितळाच्या तळमजल्यावर एक प्रयोगशाळा आहे, तिथे भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवतात. हसू नका, खरंच वाढवतात. जळीत विभाग वर तिसऱ्या मजल्यावर. एखादा माणूस इतका भाजलेला असतो की त्याचीच कातडी दुसरीकडून काढून जखमेवर लावावी म्हटलं तर काढायला जागाच उरलेली नसते. मग डॉक्टर त्याच्या काखेतून नाहीतर जांघेतून नखाएवढा तुकडा काढून खाली पाठवतात. त्या तुकड्यातल्या पेशी सुट्ट्या करायच्या, चपट्या बाटल्यांत गुलाबी पाण्यात सोडायच्या आणि उबेच्या कपाटात ठेवायच्या. तीनेक आठवड्यांत पातळ, ओल्या कागदासारखा पापुद्रा तयार होतो. तो अलगद सोडवून जखमेवर बसवायचा. नवरा पाहुण्यांना सांगतो, "आमची ही तिकडे लोकांची कातडी वाढवते आणि घरी येऊन माझी सोलते."

पण कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं. नवीन आलेल्या मुलींना ती शिकवायची ते ऐकण्यासारखं असे. "पेशी म्हणजे काय, एक बिऱ्हाड. भोवती पातळ पडदा, आणि पडद्यात दारंच दारं. साखर एका दारानं आत येते, तिला फक्त वाट दाखवावी लागते. मिठाचं तसं नाही. ते सारखं आत घुसतं, त्याला जोर लावून बाहेर ढकलावं लागतं, आणि त्या ढकलाढकलीत बिचारीची अर्धी कमाई खर्च होते. आत एक छोटी खोली, तिथे घराण्याची सगळी कागदपत्रं. केर बाहेर टाकते तो ह्या पाण्यात. म्हणून पाणी पिवळं पडलं की बदलायचं, नाहीतर आपल्याच केरात मरेल." मुली माना डोलवायच्या आणि भिंगरी तोवर दुसऱ्या टेबलापाशी पोचलेली असायची.

तर, तिची धाकटी बहीण भाजली.

धाकटी कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर होती. वाफेचा नळ तिच्या मागेच फुटला. पाठ सगळी गेली, मांड्या मागून गेल्या. आई वारली तेव्हा धाकटी शाळेत होती, तिच्या वेण्या भिंगरीनं घातल्या, तिचा ताप भिंगरीनं काढला. बातमी कळली तशी ती इस्पितळाच्या दारापर्यंत धावली. ढकलगाडीवर धाकटीला पालथं निजवलेलं होतं आणि वरची चादर पाठीला लागू नये म्हणून उंच धरली होती. भिंगरीला चादरीखालचं दिसलं. एकदाच दिसलं.

"मी खाली जाते," ती म्हणाली. "तुकडा येईल आता, तयारी करायला हवी."

आणि ती खाली गेली ती गेलीच. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उघडी जखम म्हणजे उघडं दार, जंतू शिरायच्या आत ती झाकली पाहिजे. पाठीला आणि दोन्ही मांड्यांना पुरेल एवढी कातडी वेळेत झाली, तर धाकटी वाचते. सगळं त्या बाटल्यांवर होतं.

प्रयोगशाळेच्या मुख्य, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी आधी नाहीच म्हटलं. "घरच्या माणसाचा तुकडा घरच्यानं हाताळायचा नाही. काका करतील."

काका म्हणजे इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. शांत माणूस, घड्याळाच्या काट्यानं काम करणारा.

"बाई, हात कुणाचा हलका आहे, तुमच्या तोंडून सांगा," भिंगरी म्हणाली. "खोटं सांगितलंत तरी चालेल."

बाईंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "हात तिचाच हलका. डोकं माझं थंड आहे, पण ते इथे उपयोगाचं नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण कपाटाचं दार दिवसातून एकदा. पाणी बदलायला, बस. बघायला म्हणून उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल," भिंगरी म्हणाली, आणि त्या क्षणी तिच्या मनातही तेच होतं.

पेशी पहिल्याच दिवशी तळाशी बसल्या. हातपाय पसरून चिकटल्या, दुसऱ्या दिवशी वाढायलाही लागल्या. सगळं चांगलं चाललं होतं, आणि तिथेच घोळ झाला.

झालं असं. पेशी दुभंगायच्या आधी धरलेली पकड सोडते आणि गोल होते, मण्यासारखी चकाकते. आत त्या छोट्या खोलीच्या भिंती विरघळतात, कागदपत्रांच्या आधीच दोन प्रती झालेल्या असतात, त्या मधोमध रांगेत उभ्या राहतात आणि मग दोन बाजूंना ओढल्या जातात. कमरेत आवळल्यासारखी पेशी बारीक होते आणि एकीच्या दोन होतात. दोघी पुन्हा हातपाय पसरून बसतात. भिंगरीनं हे आयुष्यभर पाहिलं होतं. पण मरणारी पेशीही तशीच पकड सोडते, तशीच गोल होते. सूक्ष्मदर्शकातून एका नजरेत बघणाऱ्याला गोल ती गोल. दोन होणार की तरंगायला लागणार, हे फक्त थोड्या वेळानं परत बघितल्यावरच कळतं.

दुसऱ्या कुणाची कातडी असती तर भिंगरी म्हणाली असती, असतील निम्म्या ह्या आणि निम्म्या त्या, उद्या बघू. पण ह्या धाकटीच्या होत्या. कोपऱ्यात एक गोल पेशी दिसली. बाटली कपाटात ठेवली, हात धुतले, टेबल पुसलं, पुसलेलं टेबल परत पुसलं. मग दार उघडलं, बाटली काढली. दोन झाल्या होत्या! इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि शेजारी आणखी चार गोल दिसल्या. आता त्यांचं काय?

उतावळेपणाला औषध नाही हो. जेवणाची सुट्टी झाली की दार, काका चहाला गेले की दार, बाई बैठकीला गेल्या की दार. दर वेळी वाटे, एवढी एक पेशी बघते आणि मग नाही. वरून परिचारिका निरोप घेऊन यायची, "बहीण विचारतेय हो तुम्हाला." भिंगरी बाटलीवरून नजर न काढता म्हणायची, "तिचंच तर करतेय. सांगा तिला, तिचंच करतेय."

ह्या कपाटात नुसती ऊब नसते. पाणी बिघडू नये म्हणून आत एक वायू सोडतात, आणि तो बाटलीत जावा म्हणून झाकणं सैल ठेवतात. दार उघडलं की ऊब जाते, वायू जातो आणि गुलाबी पाणी जांभळट दिसायला लागतं. ते काकांच्या नजरेला आलं.

"हे जांभळं का दिसतंय?" त्यांनी बाटली उजेडात धरली. "दार कोण उघडतंय?"

"वायूचा सिलिंडर संपत आला असेल," भिंगरी म्हणाली. पटकन म्हणाली, विचार न करता. काकांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग गेले आणि चांगला भरलेला सिलिंडर बदलून आले. त्या रात्री भिंगरीला धड झोप लागली नाही. सकाळी उठून तिनं ठरवलं की आजपासून दाराला हात लावायचा नाही, आणि दुपारपर्यंत तो लावला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पुढच्या रांगेतल्या एका बाटलीत तिला कापसाच्या तंतूसारखं काहीतरी तरंगताना दिसलं. तिनं डोळे पुसले, परत बघितलं. बुरशी. शेजारच्या बाटलीत तेच, तिच्या शेजारी तेच. सारखी उघडझाप, सैल झाकणं, बाहेरची हवा. आणखी काय होणार होतं? तिनं स्वतःच काकांना हाक मारली.

पुढची सगळी रांग टाकून द्यावी लागली. मागची वाचली, कारण मागच्या बाटल्यांपर्यंत हात पोचवायला पुढच्या काढाव्या लागत, आणि तेवढा वेळ तिला चोरून कधी मिळाला नव्हता. बाईंनी हिशेब केला. पाठीपुरती होईल. मांड्यांना नाही.

"सिलिंडर भरलेला होता, बाई," भिंगरी म्हणाली. "दार मी उघडत होते. किती वेळा ते विचारू नका."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कपाटाची किल्ली काकांच्या हातात दिली. "राहिलेल्या बाटल्या काका करतील. मांड्यांसाठी नवीन तुकडा लागेल. डॉक्टरांना मी सांगते. बहिणीला तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मग काय मी?"

काका तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, ते नुसते थकले होते. "जा वर."

तिसरा मजला. जिन्यात ती दोनदा थांबली, एकदा तर उलटी फिरून चार पायऱ्या उतरलीही. पण खाली आता करायला काही उरलं नव्हतं. खोलीत औषधांचा वास होता. धाकटी पालथी पडली होती, तोंड भिंतीकडे, अंगावर कमानीसारखा पिंजरा आणि त्यावर चादर. भिंगरी उशाशी जाऊन उभी राहिली, एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर.

"ताई?" धाकटीनं मान न वळवता विचारलं. "तुझ्या चपला ओळखते मी. आलीस एकदाची."

भिंगरीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. गोल पेशी, दार, जांभळं पाणी, काकांशी बोललेलं खोटं, बुरशी. पाठ होईल, मांड्यांना परत तुकडा काढावा लागेल, अजून तीन आठवडे.

धाकटीनं उशीचं टोक मुठीत धरलं.

"म्हणजे परत कापणार."

"हो."

"तुझ्यामुळे."

"हो गं. माझ्यामुळे."

"दिवसभर तू माझी कातडी बघत होतीस," धाकटी म्हणाली. "आणि मी इथे भिंतीकडे तोंड करून प्रत्येकीला विचारत होते, ताई आली का, ताई आली का. मेले असते तर बाटलीतच बघितलं असतंस मला?"

"तसं बोलू नकोस. मला बघवलं नसतं."

"मला सोसवतंय, आणि तुला बघवत नाही?"

भिंगरी रडायला लागली. लहान मुलीसारखी, नाक ओढत, पदर तोंडात कोंबून. तेवढ्यात परिचारिका पट्ट्या बदलायची ढकलगाडी घेऊन आली. "चला, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," ती सवयीनं म्हणाली. भिंगरीचे पाय लगेच दाराकडे वळलेही होते.

"ती थांबणार आहे," धाकटी म्हणाली.

परिचारिकेनं भिंगरीकडे बघितलं, अंगावर घालायचा स्वच्छ झगा आणि मुखपट्टी पुढे केली. भिंगरीनं दोन्ही घातली. झग्याच्या नाड्या तिला बांधता येईनात, त्या परिचारिकेनं बांधल्या. चादर निघाली, पिंजरा निघाला. पट्ट्या ओल्या करून एकेक सुटायला लागल्या, आणि दर पट्टीला धाकटीच्या घशातून एक बारीक आवाज येत होता.

"कसं दिसतंय?" तिनं विचारलं.

भिंगरीच्या तोंडावर "छान सुकतंय" आलं होतं. "फार वाईट दिसतंय गं," ती म्हणाली.

"मग नीट बघ. सगळे मला सांगतात बरं आहे, बरं आहे. मला माझी पाठ दिसत नाही, ताई. कुणीतरी माझं माणूस बघायला नको का?"

भिंगरीनं खुर्ची ओढली, तिच्या डोक्याशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग तिनं बघितलं. खांद्यापासून खाली, सगळं, सावकाश, आणि जे दिसत होतं ते धाकटीला सांगत गेली. शेवटची पट्टी बांधून होईपर्यंत ती उठली नाही.