मांडीवर बसवायची रीत
दोंडाईच्याहून एसटीनं धुळ्याला जाताना माझी चार वर्षांची मुलगी मांडीवर ताठ होऊन मागे रेलत होती. जन्मापासून तिचं अंग असं ताठरतं. मी तिला तान्ह्या बाळासारखी आडवीच धरायचे.

शेजारच्या सीटवरच्या अनोळखी अक्का म्हणाल्या, "आण, मी धरस."

त्यांनी हलक्या हातानं तिचे गुडघे दुमडले, पाय थोडे फाकवून मांडीवर बसवलं, पाठ आपल्या छातीशी टेकवली. मुलगी हळूहळू सैलावली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"मना नातू बी असाच शे," अक्का म्हणाल्या. "आडवा धरा ते त्याले नुसतं छतच दिखस."

चिमठाण्याला उतरण्याआधी त्यांनी तिला तशीच माझ्या मांडीवर बसवली. माझे हात नीट लागल्यावरच त्या उठल्या. नाव विचारायचं राहिलं.

आता घरातले सगळे तिला तसंच धरतात. ओसरीवर कुणाच्या तरी मांडीवर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते.