पोच घेणारे अण्णा

अण्णांचा हिरव्या दिव्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोन गावांतले संगणक जोडून झाले, यंत्रावरचा दिवा हिरवा लागला, की आम्ही वायरी गुंडाळायला घ्यायचो. अण्णा मात्र पलीकडच्या माणसाला फोन लावून दरडावायचे, "काय आलंय ते वाचून दाखवा की." त्यानं वाचलं, की मगच ते चहाला उठत. "धाडलं म्हंजे पोचलं न्हवं. पोच आली, की पोचलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उचगावच्या त्या छोट्या कंपनीत मी नवी इंजिनियर, ते माझ्या वडिलांच्या वयाचे तंत्रज्ञ. पदवी माझी, अनुभव त्यांचा. त्यामुळे वाद रोजचेच.

गारगोटीच्या एका दवाखान्यातून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे स्कॅन पाठवायची लाइन आम्ही जोडली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मी चाचणीचे शंभर छोटे संदेश सोडले, शंभरच्या शंभर उत्तरं आली. मी सहीसाठी कागद पुढे केला. अण्णांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"पुलावरनं शंभर सायकली गेल्या म्हणून उसाची ट्रॉली जाईल व्हय? खरा स्कॅन धाड."

मी चिडले. "अण्णा, तुम्हाला यातलं काही कळत नाही," असं चारचौघांत बोलून गेले. रागानंच स्कॅन पाठवला, आणि तो अडकून बसला. छोटे संदेश सुखरूप जात होते, मोठे तुकडे मात्र वाटेतलं एक यंत्र गुपचूप टाकून देत होतं. तुकड्यांचा आकार कमी केला, तेव्हा कुठे संध्याकाळी स्कॅन पोचला. अण्णांनी डॉक्टरांकडून फोनवर रुग्णाचं नाव वदवून घेतलं, सही केली आणि म्हणाले, "च्या घे पोरी. तोंड सुकलंय तुझं." माझं ते बोलणं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. माफी मागायची मात्र माझ्याकडून राहूनच गेली. त्याची मला लाज वाटायची.

निवृत्त होऊन ते गारगोटीला राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यांच्या डोक्याचा स्कॅन त्याच लाइनीवरून कोल्हापूरला यायचा होता. कळताच मी डॉक्टरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. स्कॅन आला तसा गारगोटीला फोन लावला. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, तो अण्णांच्या कानाला धरला.

"अण्णा, स्कॅन पूर्ण पोचला."

"वाचून दाखव की," जड जिभेनं ते म्हणाले.

मी त्यांचं नाव वाचलं, वय वाचलं. आठवड्याभरात ते जाणार आहेत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं."

मी फोन घट्ट धरून थांबले.

"पोचलं," अण्णा म्हणाले.