निळे दाणे आणि अळूची पानं

मैत्रिणींनो, आज समजावून समजावून थकले बाई.

नेकनूरला घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटं पार्लर आहे. दुपारी शेजारच्या वहिनी फेशियलला आल्या. मी म्हणलं, "वहिनी, स्क्रबमधले हे निळे दाणे प्लास्टिकचे असतात. धुतले तरी विरघळत न्हाईत. मसूर डाळीचं पीठ लावू का?"

"पीठ घरी न्हाई का माझ्या? त्याच्यासाठी पार्लरला कावून येऊ? दाण्याचंच लावा, गाल लई गुळगुळीत होतेत."

लावलं. गिऱ्हाईक तोडून कसं चालेल?

आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्यामुळं तोंड धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, टबातून परसातल्या अळूला जातं. आजचंही गेलं.

वहिनी आरशात बघून खूश. निघताना मागं डोकावल्या. "ताई, अळू काय माजलाय हो! द्या की थोडी पानं, वड्या करते."

पानं तोडायला वाकले, तर बुडाशी माती निळी दिसायली. आजचे दाणे, मागचे दाणे, सगळे तिथंच. मी वहिनींना बोट करून दाखवलं.

"दाणे मातीत हायत ना? पानावर कुठं हायत? धुऊन घेते की."

परत सांगायचं त्राण नव्हतं. पानं दिली.

आत्ता संध्याकाळी वहिनी ताटली घेऊन दारात. गरम गरम वड्या, वर खोबरं पेरलेलं. "पहिला मान तुमचा, अळू तुमचाच हाय."

ताटली समोर ठेवून हे लिहायलेय. खरं सांगा, तुम्ही खाल्ल्या असत्या?